देवाच्या खांद्यावरच्या मुंग्या

"आण्णा, मी कोल्हापूरला जाऊन अर्ज देऊन आले," भाकरीचं फडकं बांधावर ठेवत संयोगिता म्हणाली.

आण्णा उसाला पाणी पाजत होते. सरीच्या तोंडाशी माती ओढता ओढता खोरं तिथंच थांबलं.

"कसला अर्ज?"

"राजीनामा मी खुशीनं दिल्याला न्हाय म्हणून. कलेक्टर कचेरीत."

"म्हंजे भैरोबाचा कौल तू कचेरीत न्हेलीस?"

"कौल न्हवं, कागद न्हेला. त्यावर सही माझी हाय, ती कुठं नाकारतीय मी? पर सही करताना तुमी माझ्यासंगं काय बोललासा, त्ये बी लिवलंय."

"काय बोललो मी?"

"सही केली न्हाईस तर ह्या घरातलं पाणी पिऊ नगंस, आसं म्हणालासा. चार माणसांत."

 उत्तर सुचलं नाही की आण्णा ओरडत, हे साऱ्या आंबेरवाडीला माहीत होतं. "देवानं उठवलं तर उठायचं! त्यात तुझी खुशी कशाला लागती गं? पंधरा वर्सं सरपंच हुतो मी. कचेरीची पायरी चढलो न्हाय कवा!"

"मग आता चढा की. साक्षीला बोलावतील तुमास्नी," संयोगिता म्हणाली आणि आल्या पावली परत गेली. सून असली तरी ती आण्णांपेक्षा एक आवाज वरच बोलायची. एरवी आण्णांना त्याचं कौतुक होतं, आज नव्हतं.

आंबेरवाडीत मतपेटी कधी आलीच नव्हती. निवडणूक लागली की वरची आळी आणि खालची आळी भैरोबाच्या देवळात जमायची. गुरव कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवायचा आणि एक नाव घ्यायचा. उजवी पाकळी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. ज्याला होकार मिळेल त्यानं एकट्यानं फॉर्म भरायचा, बाकीच्यांनी घरी बसायचं. सरकारदरबारी निवडणूक बिनविरोध व्हायची आणि बिनविरोध गाव म्हणून तालुक्याला सत्कारही व्हायचा. आण्णा असेच सरपंच झाले होते. दोन वर्षांपूर्वी बाईची जागा निघाली, तेव्हा संयोगिताच्या नावालाही उजवी पाकळी पडली होती.

खालच्या आळीचा उदयसिंह उपसरपंच झाला. त्याचा डोळा गायरानातल्या मुरमावर होता. संयोगितानं तिथं जेसीबी शिरू दिला नाही. मग त्यानं अविश्वास ठराव आणायचा घाट घातला, पण पाहिजे तितके सदस्य काही जमेनात. शेवटी तो साळसूदपणे म्हणाला, "देवानं बसीवलंय, देवालाच इचारू. बाईनं ऱ्हावं का उतरावं?" गेल्या महिन्यात कौल लागला आणि सगळ्यांच्या देखत डावी पाकळी पडली. संयोगितानं "मी ह्ये मानत न्हाय" म्हटलं, तेव्हा तिला सही करायला लावली ती आण्णांनीच.

पोटात आग पडली तसे आण्णा बांधावर टेकले. फडकं सोडलं. भाकरीबरोबर गुळाचा खडा होता आणि तेवढ्या वेळात त्याला मुंग्या लागल्याही होत्या. लाल, बारक्या, एकीमागं एक. आण्णा त्या झटकायला गेले आणि त्यांचा हात तसाच राहिला.

कौलाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते देवळात गेले होते. भैरोबाच्या उजव्या खांद्यावर अशाच मुंग्या होत्या. उपरण्यानं त्यांनीच झटकल्या होत्या. त्या दिवशी ना अभिषेक होता, ना पंचामृत. मग देवाच्या खांद्याला गोड लागलं कुठून? आणि ते उजव्याच खांद्याला कसं?

एकदा शंका आली की आण्णांना थांबता येईना. डावी पाकळी पडल्यावर उदयसिंहानं खिशातून राजीनामा काढला होता. टाईप केलेला. गावात टायपिंगची मशीन नाही, झेरॉक्सचं दुकान नाही. म्हणजे देव बोलायच्या आधीच कागद कागलहून टाईप होऊन आला होता! हे तेव्हा कुणालाच कसं दिसलं नाही? का दिसलं आणि सगळे गप्प बसले? भाकरी तशीच ठेवून आण्णा उठले.

नृसिंह गुरव देवळामागं समया घासत बसला होता.

"नृसिंह, देवाच्या खांद्याला काय लावलावतंस?"

गुरवानं मान वर केली नाही. "पाणी."

"पाण्याला मुंग्या लागत्यात?"

समई घासायची थांबली. नृसिंहनं राखेचे हात पुसले. मग म्हणाला, "काकवी. बोटभर काकवी पाण्यात कालवली की पाकळी तासभर हलत न्हाय. दुसरी मग आपसूक आधी पडती."

"उदयसिंहानं सांगितलं?"

"व्हय. देवळावर नवा पत्रा घालून देतो म्हणाला. गळतंय की हो सगळं."

"आरं, देवाचं खातोस आणि देवालाच फशीवतोस?" आण्णांचा आवाज चढला. "चल कोल्हापूरला. सायबाम्होरं ह्येच सांगायचं."

"सांगतो की," नृसिंह आता उठून उभा राहिला. "पर मग समदंच सांगीन आण्णा. एक सांगायचं आन दुसरं झाकायचं, त्ये माझ्यानं हुणार न्हाय."

"समदं म्हंजे?"

"सुनबाईच्या टायमाला मीच हुतो. तवा तुमचा अमरसिंह आलावता माझ्याकडं. बायकोला सरपंच करायचं हुतं त्याला. आन तुमच्या टायमाला माझा बा हुता. त्याच्याकडं तुमचं वडील आलंवतं."

"खोटं!"

"आसंल खोटं. मग न्हेऊ नगा मला."

आण्णा घरी आले ते सरळ पोराच्या पुढ्यात उभे राहिले. अमरसिंह एमआयडीसीतनं ड्युटी करून नुकताच आला होता. आण्णांनी एकच प्रश्न विचारला. अमरसिंहानं चहाचा कप खाली ठेवला आणि बापाकडं न बघता, "समदीच करत्यात तसं," एवढंच म्हणाला.

पुढचे आठ दिवस आण्णांचे फार वाईट गेले. पंधरा वर्षं ते गावातल्या भांडणात मधे पडून म्हणत आले होते, "मला देवानं बसीवलंय, माझं ऐका." आणि माणसं ऐकायची. आता वाटेत कुणी रामराम घातला, तरी आण्णा त्याचं तोंड निरखून बघत. ह्याला ठाऊक असंल का? पहिल्यापासनं ठाऊक असंल? चावडीवर दोघंजण हसले, की आपल्यालाच हसले असं वाटायचं. सगळ्या गावाला माहीत होतं आणि आपण एकटेच खुळे होतो की काय, ह्या विचारानं त्यांना अन्न गोड लागेना. भिंतीवरच्या वडलांच्या फोटोला रोज हार घालायचे, तो हारही त्यांनी घातला नाही.

नृसिंहला नेलं नाही तर सुनेची खुर्ची जाणार, गायरान पोखरलं जाणार. नेलं तर पंधरा वर्षांचं नाव धुळीला मिळणार. संयोगिता त्यांना काहीच विचारत नव्हती. ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची आणि निघून जायची. तो तांब्या बघितला की आण्णांना आपलं बोलणं आठवायचं आणि लाज वाटायची. सुनावणीच्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसून ते गुरवाच्या दारात गेले.

"चल. समदं सांग," ते म्हणाले.

सुनावणीला नृसिंहनं खरोखरच सगळं सांगितलं. काकवी सांगितली, पत्रा सांगितला, अमरसिंह सांगितला, आपला बाप आणि आण्णांचा बाप दोघंही सांगितले. उदयसिंहाचा वकील तर टुणकन उठला. "साहेब, म्हणजे ह्या बाई स्वतःच फसवणुकीनं सरपंच झाल्या! आता कुठल्या तोंडानं दाद मागतात?"

संयोगिताला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं आधी नवऱ्याकडं आणि मग आण्णांकडं बघितलं. आण्णांनी मान खाली घातली.

साहेब शांत माणूस होता. "पाकळ्यांचं राहू द्या. निवडणुकीला फॉर्म एकच आला होता, तो नियमात आहे. मला राजीनाम्याचं बघायचंय," तो म्हणाला आणि आण्णांकडं वळला. "तुम्ही सुनेला काय म्हणाला होता?"

आण्णा उभे राहिले. मागं गावची पंचवीस-तीस माणसं बसली होती.

"सही केली न्हाईस तर ह्या घरचं पाणी पिऊ नगंस, आसं म्हणालो. तिची इच्छा नव्हती सायेब. मीच करायला लावली. मला वाटलं, देव बोलला."

मागं कुणीतरी हसलं. आण्णांनी वळून बघितलं नाही.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. राजीनामा स्वखुशीचा नाही, म्हणून नामंजूर, सरपंचपद कायम. निकालाची प्रत घ्यायला संयोगिता आणि आण्णा दोघंच गेले. ह्या पंधरा दिवसांत ती सासऱ्याशी कामापुरतंच बोलली होती आणि नवऱ्याशी तेवढंही नाही. फाटकात उदयसिंह भेटला. "वरच्या कोर्टात बघू," म्हणाला आणि गाडीत बसून गेला.

एसटीत दोघांना शेजारी जागा मिळाली. संयोगितानं निकालाचा कागद पिशवीत नीट ठेवला. आण्णांना वाटलं, आता तरी पोरगी चार शब्द बरे बोलेल. गाडी उजळाईवाडीच्या पुढं आली, तेव्हा ती बोलली.

"आण्णा, माझं लगीन ठरलं तवा दोन स्थळं हुती म्हणं तुमच्याम्होरं. एक मी आन एक कुरुंदवाडची."

"व्हय."

"तवा बी कौल लावलावता न्हवं? माझी आय सांगायची. देवानंच माझ्या लेकीला ह्या घरात धाडलं, म्हणायची."

आण्णा सावरून बसले. "लावलावता."

"मग त्यो कुणी सांगून लावलावता?"

आण्णा आठवायला लागले. तेव्हा घरचा कारभार त्यांच्या बायकोच्या हातात होता आणि ती आता नव्हती. अमरसिंह तेव्हाही तिथं होताच. नृसिंहचा बाप म्हातारा झाला होता, पाकळ्या नृसिंहच लावत होता. एकेक तोंड डोळ्यांपुढून गेलं आणि प्रत्येक तोंडाचा त्यांना संशय आला.

"मला ठावं न्हाय पोरी. देवाशपथ..." म्हणता म्हणता ते थांबले. "खरंच ठावं न्हाय. नृसिंहला ठावं आसंल. इचारू काय त्याला?"

 कंडक्टर आला, संयोगितानं दोघांची तिकिटं काढली, सुट्टे पैसे कमरेच्या पिशवीत टाकले.

"नगं," ती म्हणाली. "त्यो आता खरं सांगतोय."