लाल फ्रॉकचा फोटो

मोनिकाला मार्गारेटचा राग होता, आणि तो तिने कधी लपवलाही नाही. आयर्लंडमधल्या त्या बाईने मोनिकाच्या एंजेलाचा खर्च उचलला होता. नवऱ्याबरोबर मोनिका दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली की पोरगी पाथर्डीच्या वसतिगृहात राही, आणि तिचं खाणंपिणं, शाळा, दप्तर सगळं मार्गारेटच्या पैशातून चाले. उपकार मोठा होता, हे मोनिकाला कळत होतं. पण कळलं म्हणून जळायचं थोडंच थांबतं?

एंजेला दर महिन्याला मार्गारेटला पत्र लिही. वसतिगृहाचा नियमच होता तो. उसाच्या फडात असलेल्या आईला मात्र रविवारी फोनवर चार शब्द, आणि त्यातही तीन मार्गारेटचे. मार्गारेट आंटीकडे मांजर आहे, मार्गारेट आंटीने स्टिकर पाठवले, मार्गारेट आंटी केक करते. मोनिकाने हे नवऱ्याला सांगितलं तर जस्टिन हसला. त्या दिवशी त्याच्या ताटात करपलेली भाकरी पडली.

नाताळला मुकादमाच्या हातापाया पडून तिने सुट्टी काढली. येताना कारखान्यावरच्या बाजारातून लेकीला लाल फ्रॉक घेतला, तोही घासाघीस न करता, जे तिच्या हातून जन्मात झालं नव्हतं. वसतिगृहात येऊन बघते तर तिथल्या जयमालाताईंनी मार्गारेटच्या पैशातून निळा फ्रॉक आधीच आणून ठेवलेला. जाळीचा, गळ्याला मोती लावलेला. फोटोची तयारी चालली होती. भेट मिळाली की मुलाने ती घालून फोटो काढायचा आणि तो परदेशी पाठवायचा, अशी तिथली रीत.

मोनिकाच्या पोटात दुखायला लागलं. तिने पोरीला बाजूला ओढलं.

"लाल घाल. बघू दे त्या बाईला, तुला आई हाय म्हनून."

एंजेलाने निळ्याकडे एकदा पाहिलं आणि लाल घातला. पोरांच्या गलक्यात जयमालाताईंचं रंगाकडे कुठलं लक्ष? फोटो गेला. मोनिका फडावर इतक्या खुशीत परतली की जस्टिनला संशय आला.

हंगाम संपल्यावर ती लेकीला न्यायला आली, तेव्हा जयमालाताईंनी कौतुकाने मार्गारेटचं उत्तर मराठीत वाचून दाखवलं. फोटो मोठा करून तिने घरात लावला होता, आल्यागेल्याला दाखवत होती. लाल रंग तुला फार खुलतो, आणि मी दिलेला फ्रॉक तुला इतका बरोबर बसला याचा आनंद वाटतो, असं तिने लिहिलं होतं.

मी दिलेला! मोनिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. ताई आत जाताच तिने एंजेलाच्या हातात पेन दिलं.

"लिही. फ्रॉक माझ्या आईनं घेतला, तुमी न्हाई."

"न्हाई लिहिनार. आंटीला लई वाईट वाटंल."

"आन् मला वाटतंय त्याचं काय?"

पोरीला प्रश्नच कळला नाही. पेनाला टोपण लावत ती म्हणाली, "तुझं काय? तू तर आईच हायस."

मोनिकाने लेकीची पेटी डोक्यावर घेतली आणि एस.टी. स्टँडची वाट धरली. आईला जपावं लागतं, हे पोरीच्या गावीही नव्हतं. मार्गारेटला जपायचं, कारण ती परकी. चालता चालता मोनिकाला त्या बाईची पहिल्यांदाच थोडी कीव आली. तरी तो फोटो तिने भिंतीवरून काढला तर बरं होईल, असंही वाटत राहिलं.