घरचा भाव

तो लेथ मी घेणारच, असं ठरवूनच मी त्या शनिवारी घरातून निघालो. माझा मित्र लायल वारला त्याला सात आठवडे झाले होते आणि त्याच्या बायकोनं, डोरीननं, गॅरेजमधलं सगळं सामान विकायला काढलं होतं. मदतीला जातोय, असं मी माझ्या बायकोला सांगितलं, तर मर्ना म्हणाली, मीही येते. मदत तर मी करणारच होतो. पण नुसत्या मदतीला जाणारा माणूस पँटच्या आतल्या खिशात चार हजार डॉलर घेऊन जात नाही.

लायल शाळेची बस चालवायचा, मी लिफ्ट दुरुस्त करायचो. तीस वर्षं आम्ही दोघांनी यंत्रं जमवली. टोलीडो शहराच्या आसपास आमच्यासारखे आणखी आठ-दहा वेडे आहेत. धातू कातायचा एक लेथ घेतला की त्यात तुकडा पकडायला तीन चक लागतात, चक आले की मोजायला मायक्रोमीटर, मायक्रोमीटर तपासायला पोलादी ठोकळ्यांची पेटी, आणि हे सगळं ठेवायला कपाट. एवढ्या सगळ्यातून बनवलं काय म्हणाल, तर त्या कपाटाची कडी!

आम्हा मंडळींत प्रत्येक वस्तूला दोन भाव असायचे. एक खरा भाव आणि एक घरचा भाव. घरचा म्हणजे बायकोला सांगायचा. रीत सोपी होती, मागची दोन शून्यं खाऊन टाकायची. त्यावर आम्ही पोट धरून हसायचो, याची आज लाज वाटते.

गॅरेजमध्ये पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी थिजलो. डोरीननं प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती. मिलिंग मशीन, पन्नास डॉलर. ठोकळ्यांची पेटी, नऊ डॉलर. आणि कोपऱ्यात माझा तो स्विस लेथ, घड्याळजीच्या हातासारखा नाजूक, ज्याच्यावर माझा अकरा वर्षं डोळा होता. पंचाहत्तर डॉलर.

"लायलनं सांगितलेला एकेक भाव माझ्या लक्षात आहे," डोरीन कौतुकानं म्हणाली. "वापरलेल्या वस्तू आहेत, पण त्यानं दिले तेवढे तरी यावेत, नाही का हार्लन?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. लायलची मेल्यावरही गेली नव्हती.

खोटं कशाला बोलू, माझा हात आधी खिशाकडेच गेला. पंचाहत्तर! कुणाला कळणार होतं?

तेवढ्यात एक ट्रक येऊन थांबला. परगावचा व्यापारी. टोपी मागे सारून त्यानं सगळीकडे एकदा नजर फिरवली, आणि त्याचा चेहरा बघूनच मी ओळखलं, याला सगळं कळतंय.

"बाई, एकेक कशाला विकत बसता? सगळंच घेतो," तो म्हणाला. "चिठ्ठ्यांप्रमाणे किती होतात?"

"सहाशे दहा," डोरीन खुशीत म्हणाली आणि मर्नाकडे वळली. "चला, सामान हलवायचा खर्च तरी सुटला. छपराला अकरा हजार सांगतात गं. दिवाणखान्यात तीन बादल्या लावल्यात. घर विकायचं आणि मुलाकडे ॲरिझोनाला जायचं, दुसरा इलाज नाही. सूनबाईला मी डोळ्यांसमोर नकोच आहे, पण करू काय?"

व्यापारी नोटा मोजायला लागला. मर्ना शेजारीच कॉफी ओतत होती. मी आता तोंड उघडलं, तर ते फक्त लायलवर शेकणार नव्हतं. तरी म्हटलं, बस्स, आता मूग गिळून बसायचं नाही.

"डोरीन, ते पैसे घेऊ नकोस. भाव चुकलेत."

"म्हातारबा, मध्ये पडू नका. सौदा झालाय," व्यापारी म्हणाला.

"नोटा अजून तुझ्याच हातात आहेत ना? मग कसला सौदा? ठेव खिशात!" मी ओरडलो. "डोरीन, लायल तुझ्याशी खोटं बोलला. मीही बोललो. हा लेथ भंगारातून मिळाला, असं मीच तुला सांगितलं होतं. तो साडेसात हजारांचा आहे."

ती आधी हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली.

"हा तुम्ही न्यू जर्सीहून आणला होतात. मार्च महिना होता."

"हो. मीच ट्रक चालवला."

"त्या मार्चमध्ये ऑरेगनला माझी बहीण वारली," डोरीन म्हणाली. "विमानाचं तिकीट सहाशेचं होतं. लायल इथंच उभा राहून म्हणाला, 'कुठून आणू गं डोरीन?' आणि मी त्याची समजूत घातली. मी! म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मर्नानं कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

डोरीननं डोळे पुसले, पेन उचललं आणि चिठ्ठीवरचा पंचाहत्तरचा आकडा खोडला. "बोल हार्लन. एकेक बोल. आज बाजारात जो भाव आहे तो."

तासभर मी बोलत होतो आणि ती लिहीत होती. गावातले लोक जमले. व्यापाऱ्यानं घासाघीस करून पाहिली. "एक डॉलर कमी होणार नाही," डोरीन म्हणाली, आणि त्यानं एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून ठोकळ्यांच्या पेटीचे नऊशे मोजले, मग मिलिंग मशीनचे पाच हजार. दुपारपर्यंत छपराचे पैसे उभे राहिले. अंगणातली घर विकायची पाटी तिनं स्वतः उपटून कचऱ्याच्या डब्यात घातली.

लेथ तेवढा राहिला होता. मला राहवलं नाही. मी ते चार हजार काढले आणि म्हटलं, "बाकीचे सोमवारी देतो."

"तुला नाही," डोरीन म्हणाली. "दहा हजार दिलेस तरी तुला नाही."

मर्ना माझ्या हातातल्या नोटांकडे बघत होती. घरी आल्यावर स्वयंपाकघरात न जाता ती तडक माझ्या गॅरेजमध्ये शिरली आणि दाराजवळच्या ड्रिल मशीनवर हात ठेवून उभी राहिली.

"हे," ती म्हणाली.

आता लपवायचं नाही, हे मी येताना गाडीतच ठरवलं होतं. "तुला बत्तीस सांगितले होते. खरे तर तीन हजार—"

"किंमत नको. कुठल्या साली आणलंस ते सांग."

"दोन हजार चौदा," मी म्हणालो, आणि त्या साली तिच्या कुठल्या मागणीला मी 'पैसे नाहीत' म्हणालो होतो, ते मला तिच्याआधी आठवलं.