निळसर कवडसा

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वानऊला संदेशचं हसू त्याच्या अंगावरून सुटलं आणि समोरच्या कपाटाला जाऊन चिकटलं. तेव्हापासून कपाट उघडलं की आधी ते हसतं, मग वैदेहीला बाळाची दुपटी मिळतात.

त्याचं चुकलं एवढंच, की पाळी संपवून आल्यावर तो फरशीवरच आडवा झाला, आणि झोपेत अंग गार पडलं. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात तो कामाला. राहायची खोली बर्फाच्या टाक्यांच्या डोक्यावर. सतरंजी टाकली तर घटकाभरात सतरंजीही बर्फ.

वैदेही रसायनशास्त्र शिकलेली. दोन दिवस पाळत ठेवून तिने नियम शोधला. ट्यूबलाइट कितीही जळू दे, काही होत नाही. पण झरोक्यातला निळसर कवडसा गार वस्तूला नुसता शिवला, तरी तिच्यातलं एक काहीतरी सुटून सरळ समोर उडतं. बाकीची वस्तू जागच्या जागी. कोथिंबिरीचा वास गेला, जुडी राहिली. घड्याळाची टिकटिक गेली, काटे फिरत राहिले. ऊब असलेल्या गोष्टींना मात्र तो हात लावत नाही.

म्हणून सात महिन्यांची रेवा तेव्हापासून तिच्या कडेवर होती.

"पोर आहे की मंगळसूत्र? अंगावरून उतरवायचंच नाही?" सासूबाई म्हणाल्या.

"फरशी गार आहे, आई."

"मग रांगेल कधी? कडेवर कुणी रांगलंय का आजवर? आमच्या संदेशला मी जमिनीवरच टाकलेलं. काय बिघडलं?"

"त्याचं हसू गेलं."

"कपाट हसतंय की," संदेश चहा ओतून घेत म्हणाला.

कवडसा आधी मिनिटभर टिकायचा. मग तासभर. आता तो दिवेलागणीलाही हटेना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळी फरशी निळी झाली. आणि रेवा तर खाली बघून पाय झाडायची. सासूबाईंचं खोटं नव्हतं. लेकराला जमीन हवी होती.

शेवटी वैदेही स्वतःच फरशीवर उताणी झोपली आणि रेवाला तिने पोटावर पालथं घातलं. जमिनीची जमीन, उबेची ऊब.

"बघ, ढकलतेय," सासूबाई खाली बसत म्हणाल्या. "गुडघे बघ कसे रोवतेय."

रेवा छातीपर्यंत आली. परत घसरली. परत आली. वैदेहीला हसू आलं. गारवा पाठीतून फासळ्यांत, तिथून गळ्याशी पोचला होता. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा रेवा कुशीवरून खाली उतरत होती.

तिला थांबवायला वैदेहीने तोंड उघडलं. ओठ हलले.

"रेवा, इकडे ये बाळा," समोरची भिंत तिच्याच आवाजात म्हणाली.

रेवाने तिकडे मान वळवली, दोन्ही तळवे निळ्या फरशीवर टेकवले आणि पहिल्यांदाच गुडघा पुढे टाकला.