न जळणारा रुमाल

शनिवारी दुपारी नव्या वसाहतीत जत्रा भरली होती. अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या माळावर रांगेनं उभे असलेले घरांचे लाकडी सांगाडे, अजून ना भिंत ना दार, आणि त्यांतून आरपार फिरणारी माणसं. प्रत्येकाच्या हातात जाड मार्कर. जिप्समचे बोर्ड ठोकून भिंती बंद व्हायच्या आधी घरच्यांनी यायचं आणि उघड्या लाकडांवर शास्त्रवचनं लिहायची, ही इकडची रीत. कुणी जिन्याखाली लिहीत होतं, कुणी ओव्हन बसणार होता तिथे. बिल्डरच्या खर्चानं बाहेर डुकराच्या बरगड्या भाजल्या जात होत्या, आणि त्या शेगडीशेजारीच चर्चचे उपदेशक ब्रदर ऑर्विल टॅकेट चमत्कार दाखवत होते.

ब्रदरनी पांढरा रुमाल बरणीतल्या ‘अभिषेकाच्या पाण्यात’ बुडवला, पिळला, चिमट्यात धरला आणि लायटर लावला. भडका उडाला. बायकांनी पोरांना मागे ओढलं. क्षणभरानं ज्वाळा विझली, ब्रदरनी रुमाल झटकला. साधा डागसुद्धा नाही.

“बंधूंनो, भगिनींनो,” ते म्हणाले, “ज्या घराची राखण वरचा मालक करतो, त्या घराला प्लंबर कशाला हवा?”

“आमेन,” गर्दी म्हणाली. मग ब्रदर त्याच बरणीत बोट बुडवून घराघराच्या खांबांवर क्रूस काढत निघाले. त्यांच्या चर्चचं नवं छप्पर हाच बिल्डर फुकट घालून देणार होता. हे गावाला ठाऊक होतं, पण त्यात कुणाला काही खटकत नव्हतं.

व्हर्ना शूमाखरला खटकत होतं. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि तिची मुलगी लीअ‍ॅन या वसाहतीत घर घेत होती. लीअ‍ॅनला सातवा महिना लागलेला. बाळाची खोली वरच्या मजल्यावर, आणि खाली यायचा एकुलता एक जिना स्वयंपाकघराला चिकटून. आग लागली की पाणी फवारणारे स्प्रिंकलर छतात बसवून हवेत का, हे बिल्डरला कायद्यानं गिऱ्हाइकाला विचारावं लागत होतं. विचारायचं काम शेरिल नावाच्या विक्रेत्या बाईचं, आणि ती ते अशा काही गोड आवाजात करायची की माणसानं आपणहून नको म्हणावं. टोस्ट करपला तरी घरभर पाऊस पडेल, गालिच्याची वाट लागेल. त्यापेक्षा त्याच खर्चात ओटा ग्रॅनाइटचा करून घ्या की. लीअ‍ॅन आणि जावई डस्टिन गेले कित्येक दिवस ‘बघू’ म्हणत होते. सोमवारी बोर्ड ठोकणारे येणार होते. त्यानंतर पाइप घालायचे तर कोरं घर फोडावं लागणार होतं.

ब्रदरचा रुमाल व्हर्नानं मागच्या शनिवारीही पाहिला होता. आज ती तयारीनं आली होती. तिनं पिशवीतून दोन बाटल्या आणि दोन रुमाल काढून शेगडीजवळच्या टेबलावर मांडले आणि ब्रदरना हाक मारली.

“ब्रदर, माझ्या एका रुमालावर प्रार्थना कराल?”

एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार? ब्रदरनी डोळे मिटून चांगली लांबलचक प्रार्थना केली. तो रुमाल व्हर्नानं एका बाटलीत भिजवला. दुसरा, प्रार्थनेवाचूनचा, दुसऱ्या बाटलीत. आधी तिनं प्रार्थनेवाचूनचा पेटवला. भडका उडाला, विझला, रुमाल शाबूत. मग प्रार्थना केलेला पेटवला. तो काळा पडला, आक्रसला आणि राख होऊन चिमट्यातून खाली पडला.

तेवढ्यात डस्टिनच्या तोंडून निघून गेलं, “बाई, हे तर तुम्ही आम्हाला आठवीत करून दाखवलं होतं.” सासूला तो अजून विसरून बाईच म्हणायचा.

“दाखवलं होतं. आणि तेव्हा तू मागच्या बाकावर झोपला होतास,” व्हर्ना म्हणाली. “नीट ऐका सगळ्यांनी. राख झाली त्या बाटलीत निव्वळ अल्कोहोल आहे. दुसऱ्या बाटलीत अर्धं अल्कोहोल, अर्धं पाणी. अल्कोहोल जळतं ते तुम्हाला दिसतं. सगळी धग पाणी सोसतं, ते दिसत नाही. ब्रदरच्या बरणीतही तेच आहे. रुमाल पाण्यानं वाचवला. मी दुसरं काय मागतेय? तेच पाणी छतात ठेवा.”

तिनं खिशातून स्प्रिंकलरचं तोंड काढून दाखवलं. मध्ये लाल द्रवाची छोटीशी काचनळी. ही उष्णतेनं फुटते, धुरानं नाही, करपलेल्या टोस्टनं तर नाहीच, असं तिनं सांगितलं. आगीजवळची असेल तेवढीच फुटते. सगळ्या घरात एकदम पाऊस पडतो तो सिनेमात. इथे बाळाला उचलून जिना उतरण्यापुरता वेळ मिळतो, आणि तो मिळाला तरी खूप झालं.

ब्रदर हसले. “संशयी हातात आशीर्वाद टिकत नाही, भगिनी.”

“आणि न जळालेल्या रुमालावर तर प्रार्थनाच नव्हती. त्याचं काय?”

“हीच तर कृपा. न मागताही मिळाली.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून. व्हर्ना बघतच राहिली. चाळीस डोकी, त्यांतली निम्मी तिच्या वर्गात बसून गेलेली. पोरांना पुन्हा बरगड्या वाढल्या जाऊ लागल्या. शेरिलनं मोठ्या आपुलकीनं व्हर्नाला बर्फ घातलेल्या चहाचा पेला आणून दिला.

लीअ‍ॅन वर, बाळाच्या होऊ घातलेल्या खोलीत होती. खिडकीच्या चौकटीवर तिनं आगीपासून राखणाऱ्याचं वचन सुरेख अक्षरात लिहिलं होतं. व्हर्ना उघड्या जिन्यानं धापा टाकत वर आली.

“तुला पटलं नाही का गं?”

“पटलं, आई. सगळं पटलं.” लीअ‍ॅननं मार्करचं टोपण लावलं. “मी काही बावळट नाही. पण आता सगळ्यांदेखत छतात नळ मागितले, तर उद्यापासून चर्चमध्ये मी कोण? विश्वास नसलेली. माझं मूल याच लोकांत वाढणार आहे.”

“आधी वाढू तर दे त्याला.”

लीअ‍ॅनच्या डोळ्यांत पाणी आलं. “असं बोलू नकोस. मी तुझ्यासारखी एकटी नाही उभी राहू शकत.”

अडाणी माणसाला शिकवता येतं. पटूनही न करणाऱ्याला काय शिकवायचं, हे व्हर्नाला इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. तिनं लेकीला जवळ घेतलं. दुसरं काही तिच्या हातात नव्हतंच. खाली डस्टिननं स्प्रिंकलर ‘नको’ म्हणून सही केली आणि ग्रॅनाइटचा रंग निवडला, राखाडी.

सोमवारी बोर्ड ठोकले गेले. वचनं आत गेली. छत गुळगुळीत, पांढरं झालं. बाळाचं घर झालं आणि व्हर्नाची झोप उडाली.

आता दर शनिवारी ती बिल्डरच्या नमुन्याच्या घराबाहेर उभी राहते आणि नव्या गिऱ्हाइकांना ती काचनळी दाखवते. लोक सभ्य असतात, ऐकून घेतात, मान डोलावतात आणि आत जाऊन ओट्याचा दगड पसंत करतात. एखादं जोडपं कधी थांबतं, दोन प्रश्न विचारतं. त्या एवढ्याशा आशेवर ती पुढचा शनिवार काढते.

म्हणून वाचकहो, घर घेणार असाल तर ती जे सांगते ते इथे सांगतो. देव मानत असाल तर खुशाल माना, वचन लिहायचं तर लिहा. पण जो कुणी आगीशी खेळून दाखवतो, त्याच्या बरणीत काय आहे ते आधी विचारा. आणि भिंती उघड्या आहेत तोवर छतात पाणी आणून ठेवा. प्रार्थना भिंत बंद झाल्यावरही करता येते, पाइप घालता येत नाही.