औषधाचा ग्लास आणि पोह्याचा चमचा

मी एक जुना, औषध मोजायचा काचेचा ग्लास आहे. माझ्या एका अंगावर औंसाच्या रेघा, दुसऱ्या अंगावर मिलीच्या. तीस मिली म्हणजे साधारण एक औंस, हे मला पाठ करावंच लागलं नाही. त्यामुळे मी जरा मिजाशीत असे. न्हावरे गावाजवळच्या एका छोट्या दवाखान्यात माझी नोकरी होती. दौंडहून एसटीनं येणाऱ्या रोशनबी सिस्टर मला रोज घासूनपुसून लख्ख करत.

मित्रांनो, ही १९९६ सालची गोष्ट. एका सोमवारी सकाळी सिस्टरांनी कस्तुराबाईंच्या नातवासाठी, तीन वर्षांच्या माऊलीसाठी, खोकल्याच्या औषधाची साठ मिलीची बाटली दिली. "दिवसातनं तीनदा, एक एक चमचा," असं बजावलं. सिस्टरांच्या मनातला चमचा पाच मिलीचा. म्हणजे बाटली चार दिवस पुरायला हवी. पण मंगळवारी दुपारीच कस्तुराबाई रिकामी बाटली घेऊन हजर!

"दुसरी द्या बाई. लई गुणाचं औषध हाय. पोरगं सकाळधरनं गाढ झोपलंय!"

हे औषध जास्त झालं की गुंगी येते. सिस्टरांचा चेहरा उतरला. "आजी, आधी पोराला आणा. आन् तो चमचाबी आणा!"

डॉक्टर माऊलीला तपासू लागले. "एका वेळी किती गेलं?" त्यांनी विचारलं. सिस्टरांनी आजींचा पोह्याचा चमचा पाण्यानं भरला आणि माझ्यात ओतला. पाणी थेट पंधराच्या रेघेवर! तिप्पट! मी पुरता घाबरलो.

डेअरीवर दूध घालताना थेंबभर मापासाठी भांडणाऱ्या कस्तुराबाई रडू लागल्या. "माझ्याच हातानं पाजलं की वो!"

सिस्टर म्हणाल्या, "न्हाई आजी, चूक माझी. मी नुसतं चमचा म्हणले, किती मिली ते सांगितलंच न्हाई."

संध्याकाळपर्यंत कोणी माऊलीजवळून हललं नाही. शेवटी तो डोळे चोळत उठला आणि त्यानं बिस्किटासाठी भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून सगळा दवाखाना हसला.

त्यानंतर सिस्टर प्रत्येक आईला घरचा चमचा आणायला लावत आणि माझ्यात पाणी ओतून दाखवत. कस्तुराबाई तर दारातच बायांना अडवत, "चमचा आणलाय का?"

पुढे बाटल्यांवरच मापाची टोपणं आली. मी कपाटात गेलो, थोडा रुसलोही. पण मित्रांनो, औषध देताना टोपणावरच्या रेघा नीट बघा. कस्तुराबाईंच्या मायेत काही कमी नव्हतं हो. चमचा त्यांनी काठोकाठ भरला होता.