तळाशी गाळच नव्हता

मी एक जुनी मोजदोरी आहे. हातहातभर अंतरावर एकेक गाठ आणि टोकाला लोखंडी वजन, एवढाच माझा संसार. कुणाला धंदा उभारायचा असला की तिथल्या विहिरीत मला सोडतात आणि पाणी पुरेल का, ते बघतात.

मित्रांनो, मी जन्मापासून संशयी नव्हते. तरुणपणी एका बर्फाच्या कारखान्यासाठी मी चौदा गाठी भिजून वर आले, तेव्हा माझे धनी, मोजणीवाले काका, यांची सगळ्यांनी पाठ थोपटली. कारखाना महिनाभरही चालला नाही. मोजणीच्या आदल्या दिवशी विहिरीत टँकर ओतले होते, हे मागाहून कळलं. तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते.

परवा एक मावशी आल्या. वीस वर्षं दुसऱ्याच्या लॉन्ड्रीत राबून त्यांना आता स्वतःची लॉन्ड्री काढायची होती. राजीनामा लिहून पर्समध्ये तयार होता. जागेच्या दलालाने अरुंद विहिरीचं झाकण धावत जाऊन स्वतःच उचललं. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

काकांनी मला खाली सोडलं, वर ओढलं. "बारा गाठी!"

"बघा ताई, आता कसला विचार करताय?" दलाल म्हणाला.

पण माझं वजन तळाला खट्‌कन आपटलं होतं. बारमाही पाण्याच्या विहिरीत ते गाळात अलगद रुततं; कोरड्या विहिरीत बाहेरून पाणी ओतलं की तळ टणकच लागतो. काकांची बोटं वयाने बधिर झालेली, त्यांना काही जाणवलं नाही. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

"काका, मला धरू द्या जरा," मावशी म्हणाल्या. पुन्हा खट्‌! त्यांनी वजन वर घेऊन बोट फिरवलं. "याला चिखल कसा नाही हो?"

"साफ करून घेतलीय ना!" दलाल म्हणाला.

"बरं झालं. मग पंप लावा. सगळं उपसू आणि उद्या सकाळी परत मोजू."

"अहो, एवढा अविश्वास?"

"हो," मावशी म्हणाल्या.

सकाळी माझी एकच गाठ भिजली. दलाल फिरकलाच नाही. मावशी कठड्याला टेकून बसल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "काका, दुसरी जागा बघू." मला फार वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

मित्रांनो, काम झालं की मला उन्हात वाळवा. ओली गुंडाळून कोपऱ्यात फेकलीत तर मी कुजेन. आणि एवढं ध्यानात ठेवा, मी खोटं कधीच बोलत नाही, पण विचाराल तेवढंच सांगते. दुसऱ्यांदा विचारायचं काम तुमचं.