दुसऱ्या भागातला आवाज

नवी मालिका आली त्या आठवड्यात थोरलीला चार जणांनी तोच प्रश्न विचारला, बघण्यासारखी आहे का? त्यात नवल काही नव्हतं. मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढणाऱ्या एका चित्रकार बाईंच्या पुस्तकांवरून निघालेली पहिली ॲनिमे मालिका, 'सात पुलांचं गाव', मराठीत डब झाली तेव्हा कोल्ह्याच्या पिल्लाला थोरलीनेच आवाज दिला होता. एकदोन नव्हे, अकरा वर्षं. आगाऊ, खोटारडं आणि भित्रं पिल्लू. मुळात ते इतकं मजेशीर नव्हतंच, ते हिने केलं, असं लोक म्हणायचे. त्यामुळे बाईंची दुसरी मालिका, 'घड्याळजीची मुलगी', आल्यावर घरीदारी सगळ्यांना तिचंच मत हवं होतं.

"वेळ फुकट घालवू नका," थोरली म्हणाली. तिने एकही भाग बघितला नव्हता.

घड्याळजीच्या मुलीचा आवाज धाकटीचा होता. धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण, नऊ वर्षांनी लहान. तिला स्टुडिओत आणली ती थोरलीनेच. काचेपलीकडे कसं उभं राहायचं, कागद उलटताना आवाज कसा होऊ द्यायचा नाही, कडक, सळसळणाऱ्या कापडाचे कपडे घालून का यायचं नाही, पडद्यावरच्या ओठांशी शब्द कसे जुळवायचे, सगळं तिनेच शिकवलं. कोल्ह्याच्या मालिकेत धाकटी गर्दीतले आवाज काढायची. "पळा पळा", "पूल कोसळला", "अहो, टोपी पडली तुमची". अकरा वर्षांत तिच्या वाट्याला सर्वांत लांबलचक वाक्य आलं ते एका मासे विकणाऱ्या बाईचं.

नव्या मालिकेसाठी चाचणी होती त्या दिवशी थोरलीच तिला म्हणाली होती, "चल माझ्याबरोबर. देऊन बघ. तेवढाच अनुभव." स्वतःची चाचणी उरकून ती पायऱ्यांवर चहा पीत धाकटीची वाट बघत बसली होती. आठवड्याने फोन आला तो धाकटीला. थोरलीने ध्वनिमुद्रण करणाऱ्या काकांना खोदून खोदून विचारलं, तेव्हा ते बिचारे चष्मा पुसत म्हणाले, "डबिंगच्या दिग्दर्शिकाबाईंचं म्हणणं, तुझ्या आवाजात अजून कोल्हा ऐकू येतो."

ते वाक्य तिच्या मनात जे रुतलं ते रुतलंच. धाकटीचं अभिनंदन केलं, तिला मिठीही मारली. पण त्या दिवसापासून मालिकेचं नाव निघालं की तिच्या कपाळाला आठी पडायची. बाईंची रेघ थकली, म्हणायची. पहिल्या मालिकेतला खट्याळपणा नाही, म्हणायची. हे सगळं तिने जाहिरातीच्या चाळीस सेकंदांवरून ठरवलं होतं.

रविवारी सकाळी धाकटी आली. थोरलीची पंधरा वर्षांची लेक मावशीची लाडकी. लहानपणी तिची वेणी घालायला तिला मावशीच लागायची.

"मग?" धाकटीने भाचीच्या शेजारी बसत विचारलं. "मी कशी वाटले?"

लेक चुळबुळली. तिने आईकडे बघितलं. "आई म्हणाली, बघण्यासारखी नाही. म्हणून मी अजून..."

थोरली नळाखाली कप विसळत होती. तिने पाणी जरा मोठं केलं.

"तू किती भाग बघितलेस, ताई?"

"दोन."

"दुसऱ्यात मी कशी वाटले?"

"घशातून बोलतेस. आवाज पोटातून यायला हवा. किती वेळा सांगितलं असेल तुला." कप पुसता पुसता तिला आणखी सुचत गेलं. "आणि शब्दांच्या शेपट्या खातेस. भावनेच्या भरात होतं तसं. नवीन माणसाचं होतंच."

धाकटी थोडा वेळ बहिणीच्या पाठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. लक्षात ठेवते." त्यानंतर तिने भाचीला शाळेचं काहीबाही विचारलं आणि जेवायला न थांबताच निघाली.

धाकटीचा उतरलेला चेहरा थोरलीने बघितला होता. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला थोडं बरं वाटलं.

संध्याकाळी लेक कानातले इअरफोन काढून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, मी दोन भाग बघितले."

"मग?"

"दुसऱ्या भागात त्या मुलीचा आवाज गेलेला असतो. तापाने. मावशी त्या भागात एक शब्दसुद्धा बोलत नाही."

थोरलीच्या हातातली सुरी थांबली.

"पहिल्या भागाबद्दल बोलत असेन मी," ती म्हणाली.

लेकीने वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं. ती नुसती "हं" म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना थोरली मालिका लावून बसली. हातात वही आणि पेन. चुका काढायच्याच होत्या, तर निदान खऱ्या तरी काढू. पहिल्या भागात तिला सहा सापडल्या. एका ठिकाणी ओठ आधी मिटले होते आणि शब्द मागून आला होता. एका ठिकाणी श्वास ऐकू येत होता. तिने सगळं वेळेसकट टिपून ठेवलं. मालिकाही पहिलीसारखी नव्हतीच. हसू कमी, संथपणा फार. चौथ्या भागात तर सगळा वेळ एक माणूस गच्चीवर बसून पाऊस थांबायची वाट बघतो. थोरलीला मनापासून कंटाळा आला आणि त्या कंटाळ्याने ती सुखावली.

सहाव्या भागात मुलीचा बाप घर सोडून जायला निघतो. दारात तिला विचारतो, "मी जाऊ ना?" पडद्यावर मुलीचा चेहरा पाठमोरा. ओठ दिसतच नाहीत, त्यामुळे जुळवायचं काही नाही. बोलणारीने हवं ते करावं. थोरलीला माहीत होतं, तिथे आपण काय केलं असतं. एक हुंदका, मग थरथरता "हो". कोल्हा असता तर एखादा विनोदही. धाकटीने काहीच केलं नाही. तिने वाट बघितली. बापाला वाटावं की हिला ऐकूच गेलं नाही, इतकी वाट बघितली. आणि मग अगदी साध्या, दूध संपलंय सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "जा."

थोरलीने तो प्रसंग मागे घेऊन परत ऐकला. मग आणखी तीनदा ऐकला. वहीत काहीच लिहिलं गेलं नाही. हे तिने धाकटीला शिकवलेलं नव्हतं. तिला स्वतःलाच ते येत नव्हतं. मोकळी जागा दिसली की ती भरून टाकायची, लोकांना तेच आवडायचं.

इतक्या दिवसांच्या जळफळाटात निदान एक आशा होती, की मालिका वाईट निघेल, दिग्दर्शिका तोंडघशी पडेल. आता तीही गेली. आता जे उरलं ते आधीपेक्षा जास्त झोंबणारं होतं. तिने उरलेले सहा भाग दोन दिवसांत बघून टाकले.

गुरुवारी ती स्टुडिओत गेली. धाकटीचं पुढचं काम सुरू व्हायला थोडा वेळ होता. जिन्याखालच्या बाकावर दोघी बसल्या. धाकटीच्या हातात कोमट पाण्याची बाटली होती.

"रविवारी मी एकही भाग बघितलेला नव्हता," थोरली म्हणाली.

"माहितीये."

"मग बोलली का नाहीस?"

"मी मुद्दामच दुसऱ्याचं विचारलं. तू ज्या झटक्यात 'दोन' म्हणालीस ना, तेव्हाच कळलं. खडा टाकून बघितला." धाकटी बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "वाटलं होतं, पकडल्यावर मजा येईल. नाही आली."

वरून कुणीतरी जोरजोरात शिंकण्याचा आवाज काढत होतं, पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या तऱ्हांनी.

"आता सगळे बघितले," थोरली म्हणाली. "चौथा भाग रटाळ आहे."

"आहेच."

"पहिल्यात सहा चुका आहेत तुझ्या. लिहून आणल्यात."

"दे."

"सहाव्यात..." थोरली अडखळली. हे वाक्य ती येताना रस्ताभर घोकत आली होती, तरी ते बाहेर येईना. "सहाव्यात ते 'जा' आहे. ते मला जमलं नसतं."

धाकटीने मान वर केली नाही. झाकण फिरवतच म्हणाली, "ताई, तुला एक सांगू? तुझा कोल्हा मी तीन भागांपलीकडे कधी बघितलेला नाही."

थोरलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अकरा वर्षं? तू तर दर वेळी फोन करून सांगायचीस, काय बोललीस म्हणून."

"आधी काका, मग तुझी लेक मला गोष्ट सांगायची. त्यांच्याकडून ऐकून तुला सांगायचे. मला बघवायचं नाही. तू बोलायचीस, लोक हसायचे, आणि मागे कुठेतरी मी, 'टोपी पडली तुमची'."

थोरलीला तिची दया यायला हवी होती. पण आधी आला तो रागच. अकरा वर्षं ती कौतुकं तिने जपून ठेवली होती. एकेक आठवत होतं तिला, आणि आता त्यातलं एकही खरं राहिलं नव्हतं.

"एकशे बत्तीस भाग," ती म्हणाली. "त्यातले तीन?"

"तीन. पण पूर्ण."

थोरलीला हसू आलं. ते तिने दाबायचा प्रयत्न केला, पण धाकटीही हसत होती, म्हणून जमलं नाही. तेवढ्यात काकांनी वरून हाक मारली आणि धाकटी वहीतलं पान घेऊन उठली. दोन पायऱ्या चढून ती थांबली. "श्वासाचं खरं आहे. ते मलाही खटकलं होतं."

त्या संध्याकाळी लेक सातव्या भागापर्यंत पोचली होती. थोरली पलंगावर तिच्या शेजारी जाऊन बसली.

"मैत्रिणी विचारतायत," लेक पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "काय सांगू त्यांना?"

"बघा म्हणावं. चौथा सोडला तरी चालेल."

"पहिलीपेक्षा चांगली आहे?"

"ते मला विचारू नकोस."

लेकीने मान डोलावली. पडद्यावर घड्याळजीची मुलगी रिकाम्या दुकानात एकेका घड्याळाला चावी देत, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती.

"मावशी काय भारी करते ना," लेक म्हणाली.

थोरलीला आत कुठेतरी कचकन टोचलं. तिने मागची उशी सारखी केली आणि भाग संपेपर्यंत तिथेच बसून राहिली.